वरचा माइक, खालचा माइक

"एक माइक, दोन स्पीकर आणि फोटो दाखवायला एक पडदा. बस्स, एवढंच," ग्रंथपाल बाई फोनवर चौथ्यांदा म्हणाल्या.

"हॅलो? हॅलो? कोण बोलतंय? आवाजच येत नाहीये!" पलीकडून साउंडवाला चौथ्यांदा ओरडला.

बाईंनी मुकाट्याने फोन नणंदेच्या हातात दिला. बावीस वर्षं वाचनालयात काढलेल्या माणसाचा आवाज पान उलटल्याच्या आवाजापेक्षा मोठा राहत नाही, हे खरं. पण ज्याचा धंदाच मुळी आवाजाचा, त्याने 'येत नाही' म्हणावं? बाईंना संताप आला. त्यांचा संतापही त्यांच्यासारखाच होता, शेजारी बसलेल्यालाही ऐकू न जाणारा.

"वहिनी, तुम्ही अजिबात काळजी करू नका," फोन ठेवून नणंद म्हणाली. "अगदी घरचा माणूस आहे. माझ्या मोठ्या जावेच्या भावाचा मित्र."

"म्हणजे आदल्या दिवशी येऊन सगळं लावून दाखवेल ना?"

"तो म्हणाला, ऐन वेळी बघू."

ऐन वेळी बघण्यासारखी ही गोष्ट नव्हती. वाचनालयाला पंचवीस वर्षं होत होती आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर विश्वस्तांच्या मनात त्याला टाळं लावायचं घाटत होतं. ती जागा दुसऱ्या कोणाला तरी द्यावी, असं टुमणं खजिनदारांनी वर्षभर लावलं होतं. शेवटी अध्यक्ष बाईंना म्हणाले होते, "समारंभात दहा मिनिटं तुमची. तुमचं ऐकू आणि तिथंच काय तो निर्णय जाहीर करू."

सगळी अडचण त्या 'तुमचं ऐकू' मध्ये होती. बावीस वर्षांत बाईंचं एकही वाक्य अध्यक्षांना धड ऐकू गेलं नव्हतं. बाई बोलायच्या, अध्यक्ष मान डोलवायचे आणि कागदावर सही करून टाकायचे.

बाईंनी तीन आठवडे खपून भाषण लिहिलं. त्यात शब्दकोशाचं रोज एकच पान वाचून घरी जाणारे आजोबा होते. सासूशी वाजलं की कोपऱ्यातल्या खुर्चीवर येऊन बसणारी आणि उठताना एक प्रवासवर्णन घेऊन जाणारी शिंपीण होती. नणंदेने ते वाचलं आणि पदराने डोळे पुसले. आता ते कोणाला तरी ऐकू जायला हवं होतं, एवढंच.

समारंभ सकाळी अकराचा. साउंडवाला उगवला दहा वाजून वीस मिनिटांनी. वाचनालयाने भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये त्याने तांबडे-निळे दिवे, एक पेटीसारखं यंत्र आणि कपाटाएवढा उंच पोडियम आणून टाकला.

"हे काय आहे?" पेटीकडे बोट दाखवून बाईंनी विचारलं.

"धूर."

"धूर कशाला?"

"एंट्रीला लागतो ना, ताई."

"कोणाच्या एंट्रीला?"

"तुमच्या!"

"मी दिलेल्या यादीत धूर नव्हता," बाई म्हणाल्या. रागाने त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"पॅकेजमध्ये असतोच. टेन्शन घेऊ नका."

बाई पोडियमच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. समोरच्या खुर्चीवरून नणंदेला त्यांचा फक्त अंबाडा दिसला.

"अहो, यामागे मी कोणाला दिसणारच नाही."

"दिसायचं काय घेऊन बसलात ताई! ऐकू आलं म्हणजे झालं. बोला, वन टू थ्री."

बाईंनी "एक, दोन, तीन" म्हटलं. साउंडवाल्याने स्पीकरला कान लावला आणि निदान केलं, "सेल गेलेत." सेल गेले नव्हते, बाई तशाच बोलत होत्या. पण हे सांगेपर्यंत माइक घेऊन तो दाराबाहेर पडलासुद्धा. बाई तरातरा मागे गेल्या. तो जिन्याच्या मधल्या वळणावर बसला होता. एक माइक उजव्या बगलेत, दुसरा डाव्या बगलेत, दोन्ही काळे, दोन्ही सारखे.

"हा दुसरा कोणाचा?"

"खालच्या हॉलचा. गादी कंपनीच्या विक्रेत्यांचा मेळावा आहे ना, तेही काम आपलंच."

"मग अकरा वाजता तुम्ही नक्की असणार कुठे? वर की खाली?"

"मध्ये," तो म्हणाला आणि बसल्या पायरीवर थाप मारली.

अकरा वाजता हॉल भरला. पहिल्या रांगेत विश्वस्त बसले. पडद्यावर संस्थापकांचा फोटो लागला, तो आडवा इतका ताणला गेला होता की हाडकुळे संस्थापक पहिलवान दिसत होते. बाईंनी दात आवळून तेही सोसलं. त्या पोडियममागे गेल्या, कागद उलगडला आणि माइक ओठांशी धरून म्हणाल्या, "आदरणीय अध्यक्ष..."

"काय मेल्यासारखे बसलाय!" दोन्ही स्पीकर गरजले.

खजिनदारांच्या हातातलं पेन पडलं. आवाज बाईमाणसाचाच होता, पण खिडक्यांच्या काचा थरथरतील असा. बाईंनी दचकून माइककडे पाहिलं. आणि मग पायाखालच्या फरशीतून, अगदी बारीक, त्यांचंच 'आदरणीय अध्यक्ष' खालच्या हॉलमधून वर आलं. माइक बदलले होते. खाली गादी कंपनीची मॅनेजर बोलायला उभी राहिली होती आणि ती वर ऐकू येत होती.

"अहो, ही मी नव्हे," बाई कळवळून माइकमध्ये म्हणाल्या. तेही खालीच गेलं.

"बंद करायचं म्हणे!" स्पीकर पुढे बोलतच होते. "अवघड झालं की बंद करायचं? लाज नाही वाटत?"

बाईंनी पोडियमच्या कडेने हात हलवून दाराशी आलेल्या साउंडवाल्याला खुणा केल्या. त्याला वाटलं, बाई धूर मागताहेत. त्याने अंगठा वर केला आणि बटण दाबलं. मंच पांढरा झाला. पोडियम गेला, अंबाडा गेला, हात गेला. उरला फक्त तो आवाज.

"बाईंचा आवाज माइकवर काय लागतो हो!" अध्यक्ष थक्क होऊन म्हणाले. रांगेतल्या कोणालाच यात काही वावगं वाटलं नाही. बाईंचा खरा आवाज त्यांच्यापैकी कोणी ऐकला होता?

"ज्याला बंद करावंसं वाटतं, त्याने आत्ता माझ्यासमोर हात वर करा!"

खजिनदारांचा हात कान खाजवायला वर चालला होता, तो त्यांनी झटकन मांडीखाली घेतला.

"कोणी नाही ना? मग विषय संपला! उद्यापासून नवाला उघडायचं! आणि यंदा चार हजार गाद्या गेल्याच पाहिजेत!"

"गाद्या कशाला?" खजिनदार कुजबुजले.

"वाचकांना बसायला असतील. गप्प बसा हो, त्या आणखी चिडतील," अध्यक्ष म्हणाले. लगेच उठून त्यांनी वाचनालय चालूच राहील असं जाहीर करून टाकलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. धुरातून बाई खोकत बाहेर आल्या, त्या थेट अध्यक्षांकडेच निघाल्या.

नणंदेने त्यांचा पदर धरला. "वहिनी, कुठे निघालात? देवाने दिलंय ते घ्या की!"

"देवाने नाही, साउंडवाल्याने दिलंय," पदर सोडवून घेत बाई म्हणाल्या. "तीन आठवडे मी लिहीत बसले, ते काय यासाठी? खोट्यावर नको मला काही."

अध्यक्षांपुढे उभ्या राहून त्या म्हणाल्या, "मघाचं भाषण माझं नव्हतं."

"काय म्हणता? मोठ्याने बोला की. मघाशी बोललात तसं."

"मघाशी मी बोललेच नाही. माइक बदलला होता. विचारा यांना."

साउंडवाल्याचा चेहरा पडला. "ताई, असं कसं बोलता? माझ्या साउंडमध्ये आजवर एक चूक नाही. आता भाषण गाजलं, त्याचं श्रेय मला देऊ नका, पण नाव तरी खराब करू नका."

बाई तडक जिना उतरून खाली गेल्या आणि गादी कंपनीच्या मॅनेजरला हाताला धरून वर घेऊन आल्या. उंच, धिप्पाड बाई. घामाघूम झालेली.

"सांगा यांना," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "ते भाषण कोणाचं?"

मॅनेजरने तोंड उघडलं. त्यातून नुसती हवा आली. खालच्या स्पीकरमधून तिचा आवाज येतच नव्हता, येत होतं ते कोणाचं तरी कुजबुजणं आणि खोकणं; त्यावर माइकशिवायच आवाज चढवता चढवता तिचा घसा पार बसला होता. तिने गळ्याला हात लावला, छातीवर बोट ठेवलं आणि पुन्हा हवाच सोडली.

अध्यक्षांनी कानामागे हात धरून ऐकलं आणि मान डोलावली. "कोण या? अगदीच मवाळ दिसतात. वाचनालयात मदतीला घेताय का? घ्या, घ्या. शोभतील."

खजिनदार हसले. साउंडवालाही हसला. आणि बाईंच्या आत बावीस वर्षं कोणाला ऐकू न गेलेलं सगळं एकदम घशाशी आलं. तो धूर, तो पोडियम, ते ऐन वेळी बघू.

"मी आयुष्यात कधी ओरडलेले नाही!" हातातला कागद नाचवत बाई गरजल्या. "ते भाषण माझं नव्हतं! माझं भाषण हे आहे, आणि ते एकानेही ऐकलेलं नाही!"

मंचावरचा पडदा खुंटीवरून सुटून खाली आला. खालच्या हॉलमधल्या विक्रेत्यांनी, आपली मॅनेजर वर जाऊन बोलते आहे असं समजून, दणदणीत टाळ्या वाजवल्या.

अध्यक्षांनी बाईंकडे कौतुकाने पाहिलं. मग खजिनदारांकडे वळून म्हणाले, "हाच तो आवाज! लिहून घ्या, पुढच्या वर्षी माइक सांगायचा नाही. बाईंना गरज नाही."