नऊ वजा चार

निवृत्त हवालदार नाथाजींनी आयुष्यात कुणाच्या अभ्यासात लुडबुड केली नव्हती (स्वतःच्या तर नाहीच नाही). पण त्या गुरुवारी संध्याकाळी सून रेश्मा दळण घेऊन गिरणीत निघाली आणि जाताजाता म्हणाली, "मामंजी, क्रांतीची वजाबाकी तेवढी बघा."

"त्यात काय!" नाथाजी म्हणाले. तिथून सगळं बिघडलं.

नात दुसरीत. वहीत पहिलंच गणित, नऊ वजा चार. नाथाजींनी नऊ बोटं उभी केली, चार वाकवली. "आता किती ऱ्हायली?"

"नऊच. चार वाकल्यात नुसती. कुटं गेल्यात?"

नाथाजींनी बोटांकडे पाहिलं. सगळी जागेवर होती.

मग त्यांनी फळीवरचा डबा काढला. त्यात लेकीच्या डोहाळजेवणासाठी रविवारी शिराळ्याला न्यायचे मोजून तीस बेसनाचे लाडू होते. ताटात नऊ मांडून त्यांनी चार बाजूला सारले.

"नऊच की आबा. पाच हितं, चार तितं."

"आगं, चार खाल्लं आसं समज."

"खाल्लं कुटं? दिसत्यात की!"

नाथाजींना शुगर होती. घरात चहासुद्धा बिनसाखरेचा मिळे. "मग तू खा," ते म्हणाले. पण क्रांतीचे पुढचे दोन दात पडलेले, आणि बेसन तिला मुळातच आवडत नसे. शेवटी शिक्षणासाठी नाथाजींनी चार लाडू खाल्ले. (फार नाइलाजानं खाल्ले, असं म्हणता येणार नाही.)

"पाच!" क्रांती ओरडली. वजाबाकीतलं तिचं हे पहिलं बरोबर उत्तर. नाथाजींचा ऊर भरून आला. घसाही.

आठ वजा तीन झालं. पाच वजा शून्य आलं, तेव्हा पुस्तक लिहिणाऱ्याला नाथाजींनी मनोमन सॅल्यूट ठोकला. पण पुढं सहा वजा पाच होतं. त्यातल्या तिसऱ्या लाडवाला त्यांना दरदरून घाम फुटला.

"पोरी, ह्ये उद्या करू."

"आवं आबा, दोनच ऱ्हायल्यात आता!"

हे तिनं मनातल्या मनात केलं होतं, पण दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. नाथाजींनी उरलेले दोन खाल्ले.

रेश्मा परतली, तिनं डबा उचलला. "लाडू कुटं गेलं?"

"मांजर आलं व्हतं," नाथाजी आढ्याकडे बघत म्हणाले.

"न्हाई आई! तीस व्हतं, आबांनी बारा खाल्लं. आटरा ऱ्हायलं."

रेश्मानं मोजले. बरोबर अठरा. पोरीची पाठ थोपटावी की सासऱ्यांवर ओरडावं, तिला कळेना. तेवढ्यात नाथाजींना गरगरायला लागलं आणि तो प्रश्न मिटला. कडेगावच्या डॉक्टरांनी शुगरचा आकडा पाहिला, दुसऱ्यांदा तपासला आणि त्यांना ठेवूनच घेतलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी क्रांतीला उभं केलं. "सात वजा दोन किती?"

"सोमवारी सांगते, बाई," क्रांती म्हणाली. "आमचं आबा दवाखान्यात हायत."