थंड हवामानाची लाल वाईन

"ऊन आलं वं दाराशी, त्याले द्या वं पाट-पाणी, मोठ्या घरचं पाव्हणं, त्याले नाई म्हणे कोणी?" किसनरावांची माय जात्यावर म्हणायची, चाळीस वर्षांखाली. दारव्हा तालुक्यातल्या त्या गावात ऊन खरोखरच मानानं यायचं आणि मिरगापर्यंत बूड हलवायचं नाही. तीन वर्षांपूर्वी मात्र हा पाहुणा शासन निर्णयान्वये रद्द करण्यात आला.

झालं असं, की ग्रामपंचायतीला एक तापमापक मिळाला. शिपाई नेमसिंग जबाबदार माणूस. सरकारी काच उन्हानं तडकू नये म्हणून त्यानं ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवली आणि रोज दुपारी दोनला काढून आकडा वहीत लिहिला. एप्रिल: बावीस. मे: बावीस. वरून विचारणा झाली नाही, थेट अभिनंदनाचं पत्र आलं. गाव 'थंड हवामान क्षेत्र' म्हणून घोषित झालं, आणि लाल वाईनच्या द्राक्षांसाठी निवडलं गेलं. किसनरावांच्या दोन एकरांतली कपाशी जाऊन वेली आल्या. चौकातल्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो लागला, मफलर गुंडाळलेला.

पुढे सगळं नियमानुसार घडत गेलं. थंड गावाला सकाळची शाळा लागू नाही, म्हणून पोरं भर दुपारी वर्गात. थंड हवेत उष्माघात होऊच शकत नाही, सबब चक्कर येऊन पडलेल्या तिघांची नोंद 'भावनावेग' अशी झाली. मे महिन्यात ब्लँकेटं वाटली गेली. आणि यंदा विहीर आटली, तेव्हा टँकरच्या अर्जावर शेरा आला: 'थंड क्षेत्रास उन्हाळी टँकर अनुज्ञेय नाही.'

किसनरावांची बायको तानाबाई दोन किलोमीटरवरून पाण्याचा गुंड, म्हणजे पितळी घागर, भरून आणायची. डोक्यावरचा गुंड उतरवत ती म्हणाली, "आज कमिटी येऊन राह्यली ना वाईन चाखाले? मंग सांगून टाका खरं काय ते. टँकर तरी येईन."

"सांगीन ना. पण फ्लेक्सवर फोटो हाये वं माह्या."

"फोटोले तहान लागत नाई."

कमिटी आली ती स्वेटर घालून. परिपत्रकात 'हवामानास साजेसा पेहराव' असं स्पष्ट होतं. गावकरीही आपापली ब्लँकेटं पांघरून किसनरावांच्या दारातल्या लिंबाखाली बसले. किसनरावांच्याच द्राक्षांची बाटली गाडीच्या डिकीतून निघाली, ती नेमसिंगनं फडक्यानं धरून आणली.

मोठ्या साहेबांनी ग्लास फिरवला, फुंकर मारली आणि घोट घेतला. "वा. धुकं लागतंय जिभेला."

दुसऱ्या साहेबांच्या नाकावरून घाम ग्लासात टपकला. "किंचित खारट," ते डोळे मिटून म्हणाले. "पहाटेचं दव."

कमिटीतल्या मॅडमनी बशी मागवली. वाईन बशीत ओतून निववत त्या म्हणाल्या, "बर्फाळ शेवट आहे हिला."

"किसनभाऊ," नेमसिंगनं कागद पुढे केला, "शेतकऱ्याचा अभिप्राय. हा लागला की फाईल कायमची मंजूर."

किसनरावांनी घोट घेतला. टाळू पोळली. त्यांनी कमिटीकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या तानाबाईच्या रिकाम्या गुंडाकडे पाहिलं, आणि गळ्यातला मफलर काढून मांडीवर ठेवला.

"सायेब, मले उकडून राह्यलं. तीन वर्सं झाले, उकडूनच राह्यलं."

लिंबाचं पान हललं नाही. मोठे साहेब मुळीच रागावले नाहीत. उलट मायेनं म्हणाले, "लोकशाही आहे. आणखी कोणाला उकडतंय? हात वर करा."

ब्लँकेटांतून एकही हात बाहेर आला नाही. साहेबांनी लिहिलं: 'एक तक्रार, वैयक्तिक स्वरूपाची. सबब टँकरऐवजी एक हातपंखा मंजूर.'

आणि वाचकहो, हे वाचताना तुम्ही मनातल्या मनात हात वर केलात, ते छानच केलंत. मनातल्या हातांसाठी इतिवृत्तात रकाना नाही.