आरंभशूर हैबतराव यांच्या चित्ताचे निदान जाहले त्याची हकीकत

श्री गजानन प्रसन्न. ज्यांचे चित्त ठिकाणी आहे त्यांनी ऐकावे, आणि ज्यांचे ठिकाणी राहत नाही त्यांनी तर आधी पुढे येऊन बसावे, कां की ही हकीकत त्यांचीच आहे. मध्येच उठून गेले तरी राग नाही, आठवण होईल तेव्हा परत यावे. शके सोळाशे नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सर, ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव पुसू नये. ज्या ज्या घरी लेकास 'एवढी बुद्धी देवाने दिली आणि मेल्या, एक काम धड नाही' म्हणतात, तेथवर त्या राज्याची हद्द समजावी. त्या राज्यात हैबतराव म्हणोन सरदार होते. वय चाळिशीस टेकलेले, बोलू लागले तर सभा हसून लोळे, आणि गोळे पडू लागले, भले भले भांबावले, की ह्यांचे एकट्याचे डोके थंड. परंतु गोळे रोज पडत नाहीत. साधा दिवस उजाडला, चार साधी कामे पुढे आली, की तो दिवस ह्यांच्यानी निभत नसे. आता राज्यात चाल ऐसी की काम निघाले म्हणजे महाराजांपुढे तबकात विडा ठेवीत, आणि जो तो उचली त्याचे ते काम. मग पुरे होईतो दुसऱ्याने त्यात हात घालू नये, आणि उचलणारा जातीने पुढे चालल्याखेरीज माणूस, घोडा, बैल काही हलू नये. चाल थोर, शूरांसाठी केलेली, आणि हैबतरावांचा घात तिनेच केला. कां की तबक आले म्हणजे इतर सरदार मिशीस पीळ देत विचार करीत, आणि ह्यांचा हात विचाराच्या आधी जाई. बंधाऱ्याचा विडा उचलिला, बंधारा कमरेइतका जाहला आणि मग तोफा ओतण्याचा उचलिला, आणि साचे वाळेपर्यंत धीर न निघून घोडेखरेदीस गेले, आणि वाटेत कोणी पोपटास बोलणे शिकविणारा भेटला तेथेच राहिले. दर वेळी 'हे मी करणारच' म्हणत, आणि ते खोटे नसे, हेच वाईट. लोक म्हणत, एक ना धड, भाराभर चिंध्या. दिवाणजींनी तर भर सभेत 'आरंभशूर' ही पदवी बहाल केली, आणि त्या दिवशी सर्वांत मोठ्याने हैबतरावच हसले. मग घरी जाऊन दार लावून भिंतीवर कपाळ आपटीत बसले, ते चाकरांनी ऐकिले, सभेने नाही.

ऐसे चालले असता मार्गशीर्षात गनीम सरहद्दीच्या गडास येऊन बसला. गडावर किल्लेदार मानाजीराव, ते हैबतरावांचे मेहुणे; त्यांची स्त्री सगुणाबाई, ती हैबतरावांची थोरली बहीण. गडावर दाणा संपत आला, दारू तर तळाशी गेली, आणि जासूद कसाबसा निसटून आला. मग रसद पोचविण्याचा विडा ठेविला, आणि तबक खाली टेकते न टेकते तो हैबतरावांनी उचलिला. दिवाणजी बोलिले, "महाराज, हे काम आरंभाचे नव्हे, शेवटाचे आहे." त्यावर हैबतराव डोळ्यांत पाणी आणून बोलिले, "गडावर माझी अक्का आहे. इतर कामे विसरलो असेन, अक्कास विसरेन काय?" सभेस ते पटले. कोणास पटणार नाही? मग बैलांचा तांडा निघाला, शिबंदी निघाली, आणि पहिले मुक्काम ऐसे झपाट्याने जाहले की खुद्द बारगीर म्हणू लागले, धन्यास आता वळण लागले. मग वाटेत एक खेडे लागले. तेथे विहिरीच्या मोटेचे चाक मोडून पडलेले आणि बाया दोराने पाणी शेंदताना हाताची साले काढून घेत होत्या. हैबतराव घोड्यावरून उतरले, म्हणाले, "पळभर पाहतो." मग पागोटे काढून ठेविले आणि विहिरीत उतरले. चाक दुरुस्त जाहले, तर म्हणाले कणाच चुकीचा आहे. मग कणा बदलिला, तर सुचले की उतार वेगळा दिला तर दोहोंऐवजी एका बैलाने पाणी निघेल. सुतार बोलाविला, लोहार बोलाविला, स्वतः घाम गाळिला, जेवणाची शुद्ध नाही. तुकोजी म्हणोन जुना बारगीर वारंवार काठावर येऊन हाक मारी, "सरकार, निघावे. तांडा उभा आहे." आणि विहिरीतून उत्तर येई, "हा निघालोच!" आणि विडा ज्याचा तो पुढे नाही, म्हणोन शिरस्त्याप्रमाणे तांडा जागचा हलेना, बैल रवंथ करीत उभे, आणि त्यांच्या पाठीवर गडाचे प्राण. मोट मात्र उत्तम जाहली, आजही चालते.

हैबतराव गडाखाली पोचले तो धूर निवत होता. आदले दिवशी गडाची दारू सरली, गनीम दरवाजाशी भिडला, आणि मानाजीराव थोडकी माणसे घेऊन बाहेर पडले, की आपण कापले जाऊ तोवर आतून दरवाजा चिणून घ्यावा. तैसेच जाहले. दरवाजा वाचला, गड वाचला, मानाजीराव कामी आले. नवी फौज दिसताच गनीम तळ मोडून गेला. एक दिवस, बाबांनो, एकच दिवस. हैबतराव वर गेले तो सगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही, तांड्याकडे पाहिले, आणि "धान्य कोठारात टाका," इतकेच चाकरांस सांगितले.

मग राजधानीत चौकशी बसली. दिवाणजींचे म्हणणे, गनिमाकडून काही पोचल्याशिवाय सख्ख्या बहिणीच्या दारी कोणी उशीर करणार नाही; ही फितुरी, कडेलोट करावा. हैबतरावांस पुसले, "विहिरीत काय म्हणून उतरलात?" ते बोलिले, "ठाऊक नाही." पुन्हा पुसले, "बहीण मरणाच्या दारी, हे ध्यानात नव्हते?" ते बोलिले, "होते. पण ते दूर होते आणि चाक समोर होते." ऐसी जबानी कोण ऐकून घेणार? सभा थुंकली. तेव्हा महाराजांचे वैद्य चिंतोपंत, मितभाषी आणि तिरसट गृहस्थ, उठून बोलिले, "मला ह्यांची नाडी पाहू द्या, मग कड्यावर न्या, कडा कुठे पळत नाही." मग वैद्यांनी त्यांस एकांतात बसवून नाना प्रश्न केले: हातातली वस्तू कोठे ठेविली हे विसरता काय, दुसऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधी बोलता काय, एखाद्या कामात गढलात की तहानभूक कळत नाही आणि नावडते काम डोंगराएवढे होते काय, आणि आपण वाईट माणूस आहो ऐसे किती वर्षे वाटते? शेवटल्या प्रश्नास हैबतराव रडू लागले ते थांबेनात. वैद्यांनी सभेत येऊन सांगितले, "हा आळस नव्हे, फितुरी नव्हे. ह्यांचे चित्त थोडके नाही, भरपूर आहे. पाहिजे तेथे नेऊन बांधता मात्र येत नाही, दावेच नाही. हा दोष उपजत असतो. काल-परवा उद्भवला तर तो हा नव्हे, म्हणोन बाळपणाचा साक्षी पाहिजे." आईबाप कधीच वारलेले. बाळपण पाहिलेले माणूस राज्यात एकच उरले होते. दिवाणजी हळूच बोलिले, "बोलवा तर. ती काय सांगते, दिसतेच आहे."

सगुणाबाई आल्या, कपाळ मोकळे, हात रिते. त्यांजसाठी पडदा सोडिला होता, तो त्यांनी काढविला. बोलिल्या, "मला ह्याचे तोंड पाहून बोलायचे आहे." मग वैद्यांनी पुसले आणि त्या सांगू लागल्या: "आई ह्याला शेजारून विस्तव आणायला धाडायची. हा शेणीवर निखारा घेऊन निघायचा, आणि वाटेत मुंग्यांची रांग दिसली की बसायचा बघत. विस्तवाची राख. चूल थंड. मग बाबा फोक घ्यायचे. मार खाऊन म्हणायचा, अक्का, उद्या नाही विसरणार. आणि उद्या परत राख. त्याला मार आवडत होता काय, वैद्यबुवा? मग मी ह्याच्या मागून जाऊ लागले. बसला की ढोसायचे, ऊठ म्हणायचे. गावात म्हणू लागले, मुलगा सुधारला. सुधारला डोंबलाचा! मागे मी होते." मग बाई पुढे बोलिल्या, "या खेपेस मी मागे नव्हते. मी गडावर होते. स्वारी बुरुजावरून वाट पाहत होती, मला म्हणाली, तुझा भाऊ आहे, येईल. मी ओळखत होते ह्याला. मी काही बोलले नाही." महाराजांनी पुसले, "मग बाई, क्षमा करावी म्हणता?" त्या बोलिल्या, "खरे होते ते सांगितले. क्षमा माझ्यापाशी नाही. कडेलोट मात्र करू नका. मेला म्हणजे सुटेल." ऐसे म्हणोन निघून गेल्या, आणि हैबतराव त्या गेल्या त्या दाराकडे पाहत राहिले.

मग कडेलोट रहित जाहला, सरदारकी गेली, आणि वैद्यांनी उपचार आरंभिले. सकाळी एक कडू मात्रा मधात उगाळून, आणि दुपार कलताच दुसरी. पहिल्या दिवशी मात्रा घेऊन हैबतराव ओसरीवर बसले, आणि काही वेळाने एकाएकी उठून म्हणाले, "हे काय? सगळे गप्प कसे जाहले?" बाहेर तर तांबट ठोके घालीत होते. गप्प जाहले ते मस्तकातले. मग त्यांनी वैद्यांचा हात धरून पुसले, "लोकांस रोज ऐसेच असते? काही न करता?" वैद्य म्हणाले, होय. तेव्हा हैबतराव जे रडले ते आनंदाने नव्हे. चाळीस वर्षे ज्या चढावर ऊर फुटला, तो इतरांस सपाट होता, हे कळून रडले. मात्रेने भूक मेली, तोंड कोरडे पडे, आणि सायंकाळी तिचा अंमल उतरला की मस्तकातला बाजार पुन्हा भरे, आणि त्या वेळी कोणी बोललेले सोसत नसे. शिवाय वैद्यांनी सांगितले, मात्रा दावे देईल, बांधणे तुम्हास शिकावे लागेल. म्हणोन तुकोजी बारगीर नित्य मागे असे, आणि धनी वाट सोडून वळले की एकच पुसे, "सरकार, हाती काय घेतले आहे?" हेच ते उपचार, वर्षभर. लोक काय गप्प बसतात? दिवाणजी म्हणाले, "विसरतो तर आम्हीही. काल आमची पानसुपारीची चंची राहिली, मग आम्हीही रोगी काय?" दुसरे म्हणाले, लहानपणी मार कमी पडला. पडला नव्हता हो, रोज पडला होता, पण हे कोण सांगणार. तिसरे म्हणाले, आता सगळ्यांसच हा रोग निघेल. ते मात्र खरे बोलिले, कां की पुढल्याच महिन्यात दोन कारकून आणि एक पागनीस वैद्यांच्या दारी मागच्या बाजूने जाऊन आले.

मग विलंबी नाम संवत्सर आले, आणि गनीम पुन्हा त्याच गडास बसला. गड या खेपेस सगुणाबाईंनीच लढविला, आणि दाणा पुन्हा सरत आला. विडा ठेविला. हैबतराव सभेच्या टोकास उभे होते. त्यांचा हात उठला, तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरिला. कोणी पुढे होईना, कां की वाट मागल्याहून बिकट होती. मग ते सावकाश पुढे आले आणि बोलिले, "महाराज, उचलितो, पण अर्ज आहे. हा पुरा होईतो दुसरा विडा माझे दृष्टीस पडू नये. आणि मी वाटेत थांबलो तर तांडा थांबू नये, तुकोजीने पुढे न्यावा." शिरस्ता मोडत होता. दिवाणजी चडफडले. महाराज बोलिले, "शिरस्ता मोडला तर मोडो." मग तांडा निघाला, आणि ते खेडे लागले, ती विहीर लागली, आणि बायांनी ओळखून धाव घेतली, "सरकार, कणा करकरतो, एकदा पाहा की!" हैबतरावांनी लगाम खेचला. करकर ऐकू येत होती, आणि काय बिघडले ते त्यांस आवाजावरून कळलेही. तांडा बाजूने चालत राहिला. तुकोजी मागून पुसता जाहला, "सरकार, हाती काय घेतले आहे?" हैबतरावांनी डोळे मिटून घेतले, म्हणाले, "अक्काचा विस्तव," आणि घोडा हाकला. मागे बाया शिव्या देऊ लागल्या, त्या त्यांनी ऐकल्या.

मग चोरवाटेने तांडा गडावर चढला तो सूर्य अजून वर होता आणि कोठारात दाणा अजून होता. सगुणाबाई दरवाजाच्या आत उभ्या होत्या, जेथून मानाजीराव बाहेर पडले तेथेच. हैबतराव पायउतार जाहले, धुळीने माखलेले, ओठ फुटलेले, आणि त्यांचे तोंड लहान मुलासारखे उजळले. म्हणाले, "अक्का, या खेपेस राख होऊ दिली नाही." बाईंनी बैलांची रांग शेवटपर्यंत पाहिली. मग भावाकडे पाहिले, चौकशीच्या दिवसानंतर प्रथमच. म्हणाल्या, "होय. वेळेवर आलास." आणि मग म्हणाल्या, "म्हणजे येता येत होते, हैबती."

यास उत्तर होते. तेव्हा येता येत नव्हते, आता येते, ऐसे वैद्यांनी त्यांजकडून घोकून घेतले होते. त्यांनी ते दिले नाही. बाईंनी दुपारची मात्रा घेतलीस काय ते पुसले, घेतली नव्हती, मग मध आणविला, आणि तो पोटात जाईतो समोर उभ्या राहिल्या, आणि मग आत गेल्या.

ऐसी हकीकत जाहली. गड राखिला, सरदारकी परत मिळाली, दिवाणजींनी पदवी मागे घेतली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तरी झोपा करावा, मागे आणखी बैल आहेत. दोष जन्माचा, निदान चाळिशीचे. मधली वर्षे आणि मानाजीराव कोणाच्या माथी घालावे, हे चिंतोपंतांस पुसले, तो ते पुसणाऱ्याचीच नाडी धरून बसले. लेखनसीमा.