लिंझला बोट किती तास थांबते?

दुबईत आमच्या करामातल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे हिंदळेकरकाका सुट्टीवर जाताना मोजायची टेप बरोबर नेतात. जन्मभर जेबेल अलीच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शन केलेला माणूस. बोटीच्या केबिनमध्ये पाऊल टाकलं की आधी गादी मोजणार, मग बाथरूमचं दार, आणि माहितीपत्रकापेक्षा दोन बोटं कमी भरलं की रिसेप्शनला फोन.

तीन वर्षांत काकांनी तीन कंपन्यांच्या रिव्हर क्रूझ केल्या. नदी तिन्ही वेळा तीच, डॅन्यूब. माणसं अशा सहलींचे फोटो दाखवतात, काका फाइल दाखवतात. कंपन्यांची नावं ते घेत नाहीत. पहिली, दुसरी, तिसरी असं म्हणतात, आणि ते ऐकताना वाटतं, या माणसाची तीन लग्नं मोडली असावीत.

"पहिलीकडे चहाला गरम पाणी मागा, कोमट देणार. दुसरीकडे एक शर्ट धुवायचे पंचवीस दिरहॅम, म्हणजे पावणेसहाशे रुपये. मी म्हटलं, हबीबी, इतक्यात करामात नवा शर्ट येतो. तिसरीचं तर बोलूच नका. दोन बोटी एकमेकींना खेटून बांधतात. पडदा उघडला तर समोर एक म्हातारा दात घासतोय. किनाऱ्यावर जायचं तर त्याच्या बोटीतून जा. बेसिकली फसवणूक आहे. खलास, विषय संपला."

विषय कसला संपतोय. खलास म्हटल्यावर पुढे पाऊण तास चालतो. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, पार्किंगमध्ये, कुठेही गाठतात. आमचा मुलगा एकदा त्यांच्या तोंडावर विचारून बसला, "अंकल, देन व्हाय डू यू कीप गोइंग?" मी त्याला दटावलं, पण प्रश्न माझाही तोच होता.

माझी चीड मात्र निराळी. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात म्हणून बायकोने ऱ्हाइनवरची एक क्रूझ निवडली होती. हे मी काकांसमोर बोललो, ही माझी चूक. त्याच संध्याकाळी ते फाइल घेऊन दारात. "ऱ्हाइन नको. डॅन्यूब घ्या. आणि कंपनी ही घ्या, चौथी."

"पण तुम्ही तर हिच्याबरोबर गेलाच नाहीत."

"म्हणून तर सांगतोय."

महिनाभर हा गृहस्थ मागे लागला होता. ऑफिसात मीटिंग चालू असताना त्यांचे मेसेज. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "घेऊन टाक ती चौथी, पण त्यांना आवर." लग्न आमचं, पंचविशी आमची, आणि नदी ठरवणार हे. बुकिंग झालं तेव्हा त्यांनी साधं अभिनंदनही केलं नाही. फाइल हातात ठेवली आणि म्हणाले, "अभ्यास करून जा."

रागारागानेच मी ती वाचली. पहिल्या कंपनीला जेवणाचे दहापैकी तीन, गादीचे चार, चहाचा भोपळा, आणि तरी एकूण नंबर पहिला. हा कुठला हिशोब? मग शेवटचे दोन रकाने दिसले, लाल शाईत. 'लिंझला थांबा किती तास' आणि 'पाहुण्याला बोटीवर घेतात का'. लिंझ हे ऑस्ट्रियातलं गाव. तिथे बोट लागली की लोक बसने साल्झबर्ग बघायला जातात. काकांच्या फाइलीत साल्झबर्गचा रकाना तिन्ही वेळा कोरा होता.

शनिवारी फाइल परत द्यायला गेलो, तेव्हा काका गाडी हलवायला खाली गेले होते. काकू स्वयंपाकघरात बेसन भाजत होत्या. मी विचारलं, "काकू, लिंझला आहे तरी काय एवढं?"

"मुग्धा आहे," काकू म्हणाल्या.

मुग्धा त्यांची एकुलती एक मुलगी. तिकडे शिकायला गेली, तिथल्याच एका मुलाशी रजिस्टर लग्न केलं आणि मग घरी फोन केला. तुझ्या घराची पायरी चढणार नाही, खलास, विषय संपला, असं काका त्या फोनवर बोलून बसले.

"बोललेलं मागे घेववत नाही, आणि राहवतही नाही," काकू म्हणाल्या. "मग ही युक्ती काढली. म्हणाले, बोट आपली, जेवण आपलं. ती आपल्याकडे येईल, मी कुठे तिच्याकडे जातोय?"

पहिल्या वर्षी मुग्धा बोटीवर आली, दोन तास बसली. पुढे त्या कंपनीने लिंझचा थांबाच काढून टाकला. दुसऱ्या वर्षी नदीला पाणी नव्हतं, म्हणून सगळ्यांना बसमध्ये भरून परस्पर पुढे नेलं. तिसऱ्या वर्षी ती छोटीला, म्हणजे आपल्या लेकीला, घेऊन किनाऱ्यावर येऊन उभी राहिली आणि बोटीवाले म्हणाले, बाहेरच्यांना वर घेत नाही.

"मी उतरले खाली. बाकावर बसून डबा उघडला आम्ही. हे वर मॅनेजरशी भांडत राहिले, चार तास. भोंगा वाजला तेव्हा डेकवर आले. तिने छोटीचा हात धरून हलवला. बोट तोवर सुटली होती."

मला त्या मॅनेजरचा राग आला, त्याहून जास्त काकांचा. ते किल्ल्या वाजवत आत आले आणि मी मुलाहिजा न ठेवता म्हणालो, "काका, खाली उतरायचं होतं. एक फळी ओलांडायची होती फक्त."

काकू कढईकडे बघत राहिल्या. काकांनी माझ्या हातातून फाइल घेतली आणि कडा नीट जुळवल्या.

"सव्वाचार मीटर," ते म्हणाले. "मोजली आहे मी ती फळी."

मग खुर्चीत बसले. "तुमची बोट तिथे किती वाजता लागते?"

"नऊला. सहा तास थांबते."

"पाहुण्याला वर घेतात का, ते आधी विचारून ठेवा. लेखी घ्या." फाइल बाजूला ठेवून म्हणाले, "नाही म्हणाले तर भांडत बसू नका. सरळ उतरा."

आणि काकूंकडे न बघता म्हणाले, "तिला कळव, यांची बोट नऊला लागते म्हणून. छोटीला टोपी घाल म्हणावं. नदीवर वारा असतो."