वासाचं आमंत्रण

बिल्डिंगमध्ये उंदीर मेल्याचा वास आला की आधी सगळ्यांनी आपापली कपाटं सरकवायची आणि मग तिसऱ्या मजल्यावर सुर्वेकाकांकडे भांडायला जायचं, हा बदलापूरच्या कात्रपमधला आमचा दरवर्षीचा कार्यक्रम. उंदीर कधीच सापडत नाही. काकांच्या खिडकीत फूल उमललेलं असतं.

फूल म्हणजे तळहाताएवढी पाच पाकळ्यांची चांदणी. रंग शिळ्या मटणाचा आणि वासही त्याच मटणाचा. काकांना त्या वासाचा पत्ताच नसतो. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत त्यांची उभी हयात गेली. "नाक तिथेच जमा करून आलोय," म्हणतात.

कुठल्याही गोष्टीवर त्यांचं एकच म्हणणं, "आधी त्याचं गाव विचारा!" झाड आफ्रिकेच्या वाळवंटातलं, म्हणून कुंडीत निम्मी वाळू आणि विटांचा चुरा. पावसाळाभर ते हॉलमध्ये पंख्याखाली असतं. "पाहुणा आहे तो. बदलापूरचा पाऊस त्याला कसा सोसणार?" पाहुण्याला चमच्याने पाणी पाजणारा यजमान मी हा एकच पाहिला.

यंदा ऐन नवरात्रात वास सुटला. सेक्रेटरी म्हात्रेबाई नाकाला ओढणी लावून तरातरा वर गेल्या. मागोमाग आम्ही सगळे.

"काका, काय चाललंय काय? जावई जेवायला आलेत माझ्याकडे. फेकून द्या ते झाड!"

"अहो, त्याचं गाव विचारा आधी. ओसाड माळ, मधमाशी फिरकत नाही. मग माशीला आवडेल असा वास सोडतं बिचारं. कुणीतरी यावं म्हणून."

"मग गच्चीवर ठेवा. आजच्या आज!"

काकांचा चेहराच उतरला. "गच्चीवर कोण येणार?"

"माश्या येतील की!" मी म्हणालो. सगळे हसले.

"माश्या येतील हो," म्हणत त्यांनी ओट्याकडे पाहिलं.

तिथे मोठ्या पातेल्यात चहा उकळत होता. कप ओळीने मांडलेले, आम्हा सगळ्यांना पुरतील इतके. आम्ही बेल वाजवायच्या आधीपासूनच. काकू गेल्यापासून आम्ही या घरात येतो ते फक्त फूल उमललं की, तेही भांडायला. मला फार वाईट वाटलं.

म्हात्रेबाईंनीही ते कप पाहिले. नाकावरची ओढणी काढली आणि खुर्ची ओढून बसल्या.

"राहू दे इथेच," त्या म्हणाल्या. "आणि काका, पुढच्या वेळी माझ्या कपात साखर नको. शुगर निघालीय."