जवळ्याच्या पोटाचे इतिवृत्त

निर्झर सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या जिन्यात दिनांक ४ जुलै २०१२ रोजी सकाळी पावणेसात वाजता जे आढळलं, ते घट्ट नव्हतं. संस्थेचा मानद सचिव या नात्याने मी ते स्वतः पाहिलं आणि तशी नोंद केली. मानद म्हणजे पगार नाही. बाकी सगळं आहे. आमची चार मजली इमारत पनवेलच्या एस.टी. स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि असला प्रकार तिथे पूर्वी कधी घडला नव्हता, निदान जिन्यात तरी.

चौकशीत निष्पन्न झालं, की पहिल्या मजल्यावरच्या दमयंती कोळी यांनी दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू पाळलं आहे. बाई मूळच्या उरणच्या. नवरा गेलेला, मुलगा परेश जहाजावर. पिल्लू त्यांना मासळी बाजारात सुक्या जवळ्याच्या टोपलीखाली सापडलं, म्हणून नाव जवळ्या.

"यो गेला तं मी पन जाईन उरनला," बाई मला म्हणाल्या. "घरात बोलू कुनाशी, टीवीशी? पोट हलकं हाय त्याचं, दुसरं काय नाय. काय खायाला घालू, तेवढं सांगा."

इथे बाईंची चूक झाली. समितीला कुणी सल्ला विचारला, की समिती त्याला सोडत नाही.

त्याच आठवड्यात रविवारी गच्चीवर तातडीची सभा झाली. अध्यक्षस्थानी उदयसिंह राणे होते. राणेसाहेबांनी सरकारी कचेरीत तीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रस्तावांवर त्रुटी काढल्या होत्या आणि निवृत्तीनंतर ती सवय वाया जाऊ नये म्हणून आमचे चेअरमन झाले होते. ठराव सर्वानुमते झाला: पिल्लाला पंधरा दिवसांची मुदत द्यावी, तेवढ्यात पोट ताळ्यावर न आल्यास त्याला इमारतीबाहेर काढावं, योग्य आहाराची निवड उपसमितीने करावी. वॉचमन तुळशीराम याने मलनिरीक्षण नोंदवही ठेवावी. नोंदवहीत तीन रकाने आखून दिले: वेळ, रंग आणि स्वरूप. स्वरूपात 'घट्ट', 'मध्यम' आणि 'इतर' असे पर्याय होते.

कुठल्याही निवडीला तीन नमुने लागतात, हा राणेसाहेबांचा दंडक. पहिला नमुना दुकानातलं परदेशी पाकीट होतं. त्यावर 'नाजूक पोटासाठी' असं लिहिलेलं आणि हसणाऱ्या कुत्र्याचं चित्र. दुसरा, दुसऱ्या मजल्यावरच्या शोभाताईंचा दहीभात, कारण त्यांच्या मते पोटाचे सगळे विकार मांसाहाराने होतात. तिसरा नमुना खुद्द राणेसाहेबांच्या घरचं पाया सूप. तुलना निःपक्षपाती व्हावी म्हणून तिन्ही नमुने एकाच बैठकीत चारण्यात आले.

दुपारपर्यंत नोंदवहीत सात नोंदी झाल्या. सातही 'इतर'.

"यावरून कुठला नमुना बाधला ते कळत नाही," राणेसाहेब म्हणाले. "प्रयोग पुन्हा करा."

प्रयोग चार वेळा पुन्हा केला. नवव्या दिवशी जवळ्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या आणि माझी चाहूल लागली तरी त्याचं शेपूट हललं नाही. बाई त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, माझ्याकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पण ते कुठल्या रकान्यात बसेना.

नोंदवही तपासताना एक गंभीर बाब लक्षात आली. मधल्या अनेक वेळा कोऱ्या होत्या. मी तुळशीरामला बोलावलं.

"साहेब, मलाच जावं लागतं," तो खाली बघून म्हणाला. "दिवसातून पाच-सहा वेळा. लई दिवस झाले."

पिल्लाच्या आरोग्याचा प्रश्न असताना ही बेफिकिरी. मी त्याला मेमो दिला. त्याने सही केली आणि सही करून लगेच पळाला.

बाराव्या दिवशी दमयंतीबाईंनी उपसमितीला न विचारता जनावरांच्या डॉक्टरकडे जायचं ठरवलं. निरीक्षक म्हणून मी सोबत गेलो. जवळ्याची टोपली तुळशीरामने उचलली होती.

"खायला काय देता?" डॉक्टरांनी विचारलं.

मी अठरा पानी तुलनात्मक तक्ता पुढे केला. त्यांनी तो टेबलावर पसरला आणि त्यावर जवळ्याला ठेवलं. तक्ता लगेच उपयोगी पडला.

"आणि पाणी?"

"नलाचं," बाई म्हणाल्या. "मी उकलून पिते. कुत्र्याला कशाला उकलायचं?"

"इमारतीची टाकी धुतली कधी?"

"ठराव झालेला आहे," मी म्हणालो. "२००९ साली."

"धुतली कधी, विचारलं मी."

"तक्रार आल्यावर धुवायची, असं ठरावातच आहे. तक्रार आली नाही. घरोघरी फिल्टर आहेत, नाहीतर उकळून पितात."

"मग नळाचं पाणी तसंच आणखी कोण पितं?"

मी नीट आठवून पाहिलं. "कुणीच नाही," मी म्हणालो.

तुळशीरामने टोपली या हातातून त्या हातात घेतली.

डॉक्टरांनी मऊ भात, उकडलेली कोंबडी आणि उकळलेलं पाणी सांगितलं. पंधराव्या दिवशी सकाळी आठ वाजता नोंद झाली: 'घट्ट'. दमयंतीबाईंनी जिन्यातल्या प्रत्येकाला पेढा दिला. जवळ्या राहिला.

टाकीचाही विषय समितीने टाळला नाही. झाकण उघडण्यात आलं. आत दोन कबुतरं आणि 'टाकी साफ केल्याचा दिनांक' असं लिहिलेली, पुढे कोरी असलेली पत्र्याची पाटी मिळाली. परंतु एकमेव तक्रारदार बरा झाला असल्याने विषय निकाली काढून झाकण लावण्यात आलं. शिवाय बाई पाणी खरोखर उकळतात याला पुरावा नाही, अशी त्रुटी राणेसाहेबांनी काढली. त्यामुळे जवळ्यासाठी रोज एक बाटली राणेसाहेबांच्या फिल्टरमधून भरावी आणि तुळशीरामने ती चौथ्या मजल्यावरून पहिल्यावर पोहोचवावी, असं ठरलं.

पुढचे तीन आठवडे नोंदवही अगदी आदर्श होती. एकही वेळ कोरी नाही. तुळशीरामच्या गालांवरही मांस दिसू लागलं. यावरून राणेसाहेबांना संशय आला. बाटली मोजली, तर ती रोज चार बोटं कमी पोहोचत होती.

आता बाटलीवर मार्करने रेघ ओढली आहे. पाणी रेघेपर्यंत पोहोचतं, एक थेंब कमी नाही. जवळ्या चांगला गुबगुबीत झाला आहे. नोंदवहीतल्या वेळा मात्र पुन्हा सुटू लागल्या आहेत. दुसरा मेमो काढला आहे.

वाचकांना सचिव या नात्याने एकच सल्ला देतो. तुमच्या इमारतीचा वॉचमन कुठलं पाणी पितो, हे त्याला विचारू नका. इतकी वर्षं विचारलं नाहीत, तसंच चालू द्या. त्याने उत्तर दिलं, तर ते इतिवृत्तात घ्यावं लागतं.