झांझिबारला धुतलेला कांगा

"चार दिवस तू काडीला हात लावायचा नाहीस," झांझिबारच्या बोटीतच मी न्येमोला बजावलं. "चहा, भांडी, धुणं, सगळं माझ्याकडे. छत्तीस वर्षं आगगाडीचा गार्ड होतो मी. चार कपड्यांचं काय घेऊन बसलीस!"

"बरं, याकोबोचे बाबा," ती म्हणाली. तिची आई गेल्यापासून आठ महिने ती एवढंच बोलत होती. म्हणून तर सुट्टीचा घाट घातला होता.

सासूबाईंच्या कांग्यांच्या, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या छापील सुती कापडांच्या, जोडीतला एक त्यांच्याबरोबर मातीत गेला. दुसरा न्येमो उशाशी घेऊन झोपायची. त्याला चुलीच्या धुराचा आणि शेंगदाणा तेलाचा वास मारायचा. आठ महिन्यांत तिने तो एकदाही धुतला नव्हता. मला वाटलं, बिचारीच्या अंगात त्राणच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती झोपलेली असताना मी माझे पाच शर्ट आणि तो कांगा धुऊन काढला. साबण दोनदा लावला. वाळत कुठे घालायचे? समुद्र पार लांब गेला होता आणि ओल्या वाळूत खुंट्या ठोकून सुरेख दोऱ्या ताणलेल्या होत्या. जरा बुटक्या होत्या आणि त्यांना शेवाळ लटकलं होतं, ते मी बाजूला सारलं. कपडे वाळत घातले आणि येऊन खुर्चीत डुलकी काढली.

खोलीच्या मालकीणबाईंनी, रिझिकीबाईंनी, हलवून उठवलं. "भाऊ, माझ्या शेवाळाच्या शेतीच्या दोऱ्यांवर शर्ट कुणाचे होते?"

"होते म्हणजे?"

समोर नुसतं पाणी.

"भरती आली ना."

"पण पाणी तर गेलं होतं."

"गेलं की येणारच. तुमच्याकडे येत नाही?"

"डोडोमात? आमच्याकडे गेलेलं पाणी पावसाळ्याशिवाय तोंड दाखवत नाही."

"माझा कांगा कुठाय?" मागून न्येमोने विचारलं.

माझं तोंड बघून तिला कळलं. पोहता येत नसताना ती चपलांसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरली. रिझिकीबाईंनी दंड धरून मागे ओढली. "ओहोटीपर्यंत थांब गं."

ती दिवसभर काठावर बसून राहिली. मी नेलेल्या भाताकडे तिने बघितलंही नाही.

दिवस मावळताना पाणी ओसरलं. शर्ट एकही दिसेना. कांगा मात्र शेवटच्या खुंटीला गुंडाळलेला सापडला. मी हुश्श केलं.

न्येमोने तो नाकाला लावला. मग दुसरं टोक लावून बघितलं.

"साबण लावलात?"

"दोनदा," मी ऐटीत म्हणालो.

ती ओल्या वाळूत बसली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा हमसून हमसून रडली. "तिचा वास तेवढाच उरला होता हो."

रिझिकीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उरलेले दोन दिवस न्येमो त्यांच्याबरोबर दोऱ्यांना शेवाळ बांधत होती, चक्क गप्पा मारत होती. मी खुर्चीत बसलो होतो, अंगात रिझिकीबाईंच्या नवऱ्याचा सदरा.

आता घरी ती बाजारात गेली, की मी गुपचूप तो कांगा नाकाला लावून बघतो. सासूबाई काही सापडत नाहीत. साबण मात्र चांगला निघाला, अजून वास जात नाही.